यंदाची देवी

२ एप्रिल २०२५

कल्या,

अक्षरावरून वळखलंच असशील, आक्काचं हाय. आता हसशील, की फोन खिशात असून हिला पत्राची काय हौस आली. हौस न्हाई रे बाबा. दोन सालाखाली तुहा साडीतला व्हिडिओ गावभर फिरला अन् आबानं तुला घराबाहेर काढलं, त्या दिवशी त्याहिनं मला अन् मायला देवीच्या पेटीवर हात ठेवायला लावला. तुहं नाव तोंडातून काढायचं न्हाई, तुहा आवाज कानात घ्यायचा न्हाई. घेतली शपथ. त्या वक्ताला आबाच्या डोळ्यात पाहायची कुणाची टाप होती? पण शपथ तोंडाची अन् कानाची झाली. हाताचं आबा काहीच बोलले न्हाईत. म्हणून लिहून राह्यले. उत्तर घरी धाडू नको, अंगणवाडीच्या पत्त्यावर धाड. तिथं मी अन् दैवशालाबाई मदतनीस, दोघीच. तिला वाचता येतं, चहाड्या करता येत न्हाईत.

आता कामाचं. आबाचा पाय मोडला. ट्रॉलीवरून उतरताना पडले. जालन्याला नेलं, मांडीत सळई टाकली. काठी घेऊन घरातल्या घरात फिरतेत. डॉक्टर म्हणला, चालाल बराबर, पण नाचायचं इसरा.

वैशाख पुनवेला जत्रा. देवीचं सोंग कोण घेणार, सांग मला.

पारावर बैठक झाली. मी कशाला जाते, पण हातपंपावर सगळं ऐकू येतं. पंच म्हणले, देवीचं सोंग पुंजारामच्या, म्हणजे आबाच्या, घरचं, बापाकडून लेकाकडं जातं. एक साल खंड पडला का मान त्या घरातून गेला, मंग परत येत न्हाई. झालं! आपला चुलतभाऊ वसंता उठून उभाच. म्हणला, मंग यंदापासून देवी माह्या घरातून निघंल, मी तयार हाय. त्याला तर निस्तं निमित्त पाहिजे. तव्हा एक म्हातारा पंच म्हणला, पुंजारामला लेक हाय की, त्याला बोलवा. पण सोंगाच्या आधी त्यानं देवळात बेल उचलून म्हणावं, की पुन्हा बाईचे कपडे घालणार न्हाई अन् ते पिच्चरचं काम सोडलं.

म्हणजे बाईचे कपडे घालायला ये, पण आधी बाईचे कपडे घालणार न्हाई म्हण. असे आपले पंच. मला पारावर तोंड उघडायची सोय असती तर तिथंच इचारलं असतं.

पण आपल्याला काय करायचं हाय? ये अन् उचल बेल. देवी काय कोर्ट भरवून बसली न्हाई. शपथ मोडायला पुढं अख्खा जन्म पडलाय. पण हा मान गेला ना कल्या, तर आबा जगायचे न्हाईत. उगं भेव दाखवत न्हाई.  बैठकीच्या दुसऱ्या दिवशी पेटी उघडून देवीचं हिरवं लुगडं त्याहिनं उन्हात टाकलं. मी उचलू लागले तर वरडले, "बाईचा हात लावू नको." अन् काठी टेकत टेकत सोताच घड्या मोडत बसले. यायला नको म्हणणारा माणूस लुगडं उन्हात टाकत न्हाई.

जल्दी उत्तर दे.

आक्का

१२ एप्रिल २०२५

कल्या,

तुहं पत्र आलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्ती आला.

आधी ते तिकडचं. बॉल म्हणतेत म्हणं त्याला. तू लिहितो, घरच्यांनी काढून दिलेली पोरं एका मोठ्याच्या पदराखाली येतेत, त्याला आई म्हणतेत, त्याचंच आडनाव लावतेत, अन् त्याला घर म्हणायचं. मंग घराघरांचे सामने. कुणी साडीत, कुणी कोटात, नटूनथटून मधून चालत यायचं, नाचायचं. एक पुकारणारा एकेकाला नाव घेऊन बोलावतो, अन् समोर बसलेले पंच हात वर करून पास का नापास ते सांगतेत. दैवशालाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणली, "अहो ताई, ही तर आपली सोंगंच की. फकस्त नारळ न्हाई."

अन् तो 'असल'चा सामना! कुणी कंडक्टर बनायचं, कुणी तलाठी, कुणी नवरदेव, अन् जो खऱ्यावाणी वठंल तो जिंकला. असं असंल तर माह्या नवऱ्याला धाड तिकडं. दोन सालं त्यानं नवऱ्याचं सोंग असं वठवलं, की मला बी वळखू आलं न्हाई. दुसरी बाई घरात आणली तव्हा कळलं.

पण त्या पुण्याच्या घरात तू कुणाला तरी आई म्हणून राह्यला, ते मला आवडलं न्हाई. लिहून टाकते, पोटात ठेवत न्हाई. मायनं काय वाईट केल्तं तुहं? तिला शपथेनं तुहं नाव घेता येत न्हाई, तर ती भाकरी थापताना 'माहं लेकरू' म्हणते अन् थांबते. तू म्हणशील, तिनं मला अडवलं न्हाई. व्हय, न्हाई अडवलं. मी बी न्हाई अडवलं. आमच्यानं झालं न्हाई.

आता मुद्द्याचं. म्हणं, "आक्का, मी येतो, देवीचं सोंग घेतो, पण बेल उचलणार न्हाई. देवीपुढं खोटं बोलून देवीचंच लुगडं कसं नेसू?" वा रे वा, लई खरेपणाचा पुतळा! गावात कोण खरं बोलतं त्या देवळात? वसंता दर साली दारू सोडतो तिथं. तू एकदा खोटं बोलला तर आभाळ फाटणार हाय का? तुह्या खरेपणाचा खर्चा कुणाच्या अंगावर पडतो, ते पाहाय की जरा.

पिच्चर पाहायला ये म्हणतो. २० तारखेला, जालन्याच्या एमआयडीसीत, जिथं तुम्ही थंडीत शूटिंग केलं त्याच बियाण्याच्या गोदामात. मी येणार न्हाई. मला कामं हायेत. पोषण आहाराचं वजन करायचं असतं, लोकाला वाटतं आम्ही निस्त्या खिचडी ढवळतो.

आक्का

२१ एप्रिल २०२५

कल्या,

आल्ते. तुला ठाऊक हाय मी आल्ते.

घरी सांगितलं, तालुक्याला मीटिंग हाय. टेंभुर्णीहून बस पकडली. गोदाम सापडंना. एका शेडमधून लोखंडाचा धडधड आवाज, दुसरीत मक्याचं बी भाजल्यावाणी वास. शेवटी एका पोरीनं हात केला. तीच तुमची नेहल, गोदामाचे मालक दीपचंदशेट, त्यांची लेक, पिच्चर काढणारी. मला वाटलं होतं शेटाची पोरगी म्हणजे नाकानं बोलंल. तर माह्या हातातली पिशवी घेऊन म्हणली, "आक्का ना तुम्ही? नाक सेम टू सेम कल्याणचं हाय. चला, चहा घ्या." घेतला.

पोत्यांच्या थप्पीवर पांढरा पडदा ताणलेला. खाली तुम्ही सगळी पोरं, अन् एका बाजूनं गोदामातले हमाल अन् बी निवडणाऱ्या बाया. मी बायांत बसले. पिच्चरचं नाव आलं, 'पुकारा'. मंग तू. घरातून काढलेल्या पोराचं काम तुहं, पिच्चरमधलं नाव मोहिनी. बसस्टँडवर एकटा बसून गाऊ लागला अन् मला शपथ आठवली. आवाज कानात घ्यायचा न्हाई! घातली दोन्ही कानात बोटं. शेजारची बाई बघू लागली, हिला फिट आली का काय. निम्मं गाणं तसंच बसले. मंग एक बोट काढलं. एका कानानं ऐकलं तर निम्मीच शपथ मोडते, असं मी धरलं.

"नाव पुसू नका, चाल बघा." चांगलं हाय गाणं.

अन् शेवटचा तो सामना. ट्रकांचे दिवे लावून मधी उजेड केलेला, संबळ वाजून राह्यलं, अन् पुकारणारा जसा आपल्या जत्रेत पुकारतो तसाच वरडला, "आली गं आली!" अन् तू हिरवं लुगडं नेसून आला. बाया शिट्ट्या मारू लागल्या. त्यातली एक रडत बी होती अन् शिट्टी बी मारत होती. मी रडले न्हाई. खरं सांगू? मला भेव वाटलं, की हे गावात कुणी पाहिलं तर काय. अन् त्याच्याहून जास्ती राग आला. तुह्या तोंडावर जे तेज होतं ना, ते घरी एकदा बी दिसलं न्हाई. माह्यापुढं सुदिक न्हाई. मी काय परकी होते?

पिच्चर सुटल्यावर तू दारात उभा राह्यला अन् मी पाण्याच्या टाकीपाशी. तू तोंड उघडलं अन् मी कान झाकले. मंग तू तोंड मिटून घेतलं. तसेच उभे होतो आपण, येड्यावाणी. वाळलाय तू. दाढीची खूण पावडरीतून दिसत होती, ते बी सांगायचं राह्यलं.

मी काही न बोलता पळाले म्हणून रागावू नको. रस्त्यावर वसंताचा टेम्पो उभा होता. तो रोज गावाकडची पोरं कंपनीत सोडतो, ते मी इसरलेच होते. त्यानं मला गेटातून निघताना पाहिलं. हात वर केला, हसला. मला ते हसणं बिलकुल आवडलं न्हाई.

आक्का

३० एप्रिल २०२५

कल्या,

सगळा घोटाळा झाला.

वसंतानं तुमच्या पिच्चरची जाहिरात कुठून तरी मोबाइलवर काढली अन् पारावर सगळ्याला दाखवली. त्यात तू हिरवं लुगडं नेसून, तोच पुकारा, तेच संबळ. लोक पेटले. 'देवीचा बाजार मांडला' म्हणं. मंग वसंता आपल्या दारात आला. आबा ओसरीवर बसले होते. म्हणला, "तात्या, साधनाक्का बी जाऊन आली त्या गोदामात. इचारा तिला."

आबानं मला इचारलं न्हाई. तेच वाईट. वरडले असते, काठी फेकली असती, तर मी बी बोलले असते. ते निस्ते माह्याकडं पाहत राह्यले अन् मंग म्हणले, "जेवायला वाढ."

पंच म्हणतेत, आता बेल उचलून भागायचं न्हाई, कल्याण नकोच. पुनवेच्या दिवशी, दिवस उगवायच्या वक्ताला, हलगी नेहमीप्रमाणं आपल्या दारात येईल. आतून देवी निघाली तर निघाली. न्हाई निघाली तर हलगी तशीच वसंताच्या दारात जाईल, अन् मान गेला. आबा तर नाचू शकत न्हाईत. मंग निघणार कोण? म्हणून वसंता आत्तापासून मिरवून राह्यला. काल त्यानं मिशी बी काढली. देवीला मिशी चालत न्हाई ना! नाकाखाली पांढरं पडलंय, उकडलेल्या अंड्यावाणी दिसतो.

अन् आज तुहं पत्र आलं, की तू पुनवेच्या पहाटे येणार. बेल न उचलता सरळ पेटीच्या खोलीत शिरणार, आबा रंगवतील तर रंगवतील, न्हाई तर सोता रंगवून बाहेर पडणार. "एकदा लुगडं अंगावर चढलं की देवीला कोण हात लावतो?"

अरे पण लुगडं उतरणार न्हाई का कधी? त्याच्यानंतर काय? वसंता चावडीपुढं मोठ्यानं म्हणला, कल्याणनं गावात पाय टाकला तर पाय ठेवणार न्हाई त्याला. लोक हसले, पण मी त्याच्या डोळ्यात पाहिलं, तो हसत न्हव्हता. येऊ नको. मी पहिल्या पत्रात ये लिहिलं ते खोडलं असं समज.

आक्का

१० मे २०२५

कल्या,

पोस्टाच्या भरवशावर बसले तर तू निघून येशील, म्हणून हे दैवशालाबाईच्या भावाच्या हाती तू उतरलाय त्या गोदामावर धाडून राह्यले. नेहलच्या हातात देईल.

येऊ नको. तुह्या पाया पडते, येऊ नको.

तू येशीलच असं गावानं धरलंय, अन् फाट्यावर वसंतानं पोरं बसवलीत. टेम्पो तिथंच आडवा लावलाय. काठ्या हायेत, एकाच्या हातात सायकलची चेन मी सोता पाहिली. जाफराबादकडून येणारी वाट बी धरलीय. रात्रभर पाळीपाळीनं बसणार हायेत. गावातलं कुणी त्याहिला उठवणार न्हाई, कारण सगळे म्हणतेत, पोरगं देवीची थट्टा करायला येऊन राह्यलं.

नेहल, तू हे वाचत असशील तर त्याला बाहेर पडू देऊ नको. गोदामाला कुलूप असतं ना? लाव.

मान जातो तर जाऊ दे, असं लिहायला बसले होते. पण आबा कालपासून जेवले न्हाईत. पेटीच्या खोलीत रंग घोटत बसलेत. कुणासाठी घोटता, असं मायनं इचारलं तर म्हणले, "रंग घोटायचाच असतो."

मी पाहते काय करायचं ते. काय ते इचारू नको. तू फकस्त येऊ नको.

आक्का

१४ मे २०२५

कल्या,

आधी हे: आबा बरे हायेत, माय बरी हाय, मी बरी हाय. तू आला न्हाई, हे लई चांगलं केलं. नेहलनं खरंच कुलूप लावलं म्हणं. तिच्या हातावर माह्याकडून साखर ठेव.

आता जे लिहिते ते वाचून जाळून टाक. आईला म्हणजे तुह्या त्या पुण्याच्या आईला बी दाखवू नको.

पहाटे मी आंघोळ केली अन् पेटीच्या खोलीत गेले. आबा रंगाची वाटी घेऊन एकटेच बसलेले. दार वाजलं तसे चटकन वर पाहू लागले. मला पाहून मान खाली घातली. त्याहिला कोण यायला पाहिजे होतं, ते त्या एका पाहण्यात कळलं मला. मी पेटी उघडली अन् लुगड्याला हात लावला.

"साधना," म्हणले, "बाईचा हात..."

मी म्हणलं, "आबा, बाईची देवी, बाईचं लुगडं, अन् बाईच्याच हाताचा इटाळ? ठेवते मी परत. मंग हलगी वसंताकडं जाऊ द्या."

 बाहेर लांब हलगी सुरू झाली होती. आबा म्हणले, "कल्याण येणार होता ना?"

व्हय, म्हणले. त्याहिनं तुहं नाव घेतलं. त्याहिच्या बी ध्यानात आलं न्हाई, का आलं अन् घेतलं, मला ठाऊक न्हाई.

मी म्हणलं, "आला असता तर मारलं असतं त्याला. फाट्यावर बसलेत." आबा म्हणले, "ठाऊक हाय." अन् मंग बराच येळ वाटीत बोट फिरवत बसले. शेवटी म्हणले, "पावलं येतेत तुला?"

इचारणं झालं! तुला ते शिकवायचे, तव्हा टाळ धरून कोपऱ्यात कोण बसायचं? तू चुकायचा तव्हा मनातल्या मनात बराबर पाऊल कोण टाकायचं? उंची बी आपली एकच. मी हो म्हणलं. आबा म्हणले, "खाली बस."

तोंड रंगवलं, शेंदूर, काजळ. लुगडं नेसवलं. मंग सवयीनं त्याहिनं छातीला बांधायचे चिंधीचे बोळे उचलले, माह्याकडं पाहिलं, अन् हातातच धरून थांबले. मला हसू फुटलं. कल्या, त्या वक्ताला बी फुटलं. आबा म्हणले, "हसू नको. बाप्यानं घेतलेलं सोंग दिसलं पाहिजे." मंग त्याहिनं धोतराच्या पट्टीनं माही छाती करकचून आवळली अन् वरून ते बोळे बांधले. म्हणजे मी बाई, बाईचं सोंग घेतलेल्या बाप्याचं सोंग घेऊन उभी राह्यले. तुह्या त्या असलच्या सामन्यात असं कुणी आलं होतं का कधी?

जोडवी काढली. नवऱ्यानं सोडलं तरी ती घालतच होते, माय काढू देत न्हव्हती. बोटावर पांढरा वळ राह्यला होता, आबानं त्याच्यावर हळद चोळली. दातात निंबाची डहाळी दिली. "लुगडं उतरेपर्यंत शब्द न्हाई. मेली तरी न्हाई."

दार उघडलं अन् पुकारणारा वरडला, "आली गं आली!" समोर वसंता, सकाळच्या उजेडात ते उघडं ओठावरचं कातडं, सोताचं लुगडं काखेत धरून तयार. त्याचं तोंड पाहायला पाहिजे होतं तू. त्याला वाटलं तू रातोरात घरात शिरला. फाट्यावरची पोरं एकमेकांना शिव्या देऊ लागली.

पण देवी निघाली होती. हलगी माह्यामागं चालू लागली.

पहिल्या चौकापर्यंत पट्टीनं दम कोंडत होता. पुढं काय झालं सांगू, भेव गेलं. सगळ्या बाया खाली बसून माह्याकडं मान वर करून पाहत होत्या. मला कुणी टाकलेली बाई म्हणून पाहत न्हव्हतं. ज्या मालनबाईनं बारशाला मला पाळण्याला हात लावू दिला न्हाई, म्हणं नवऱ्यानं सोडलेलीचा हात नको, तिनं तोच नातू माह्या मांडीवर ठेवला अन् हात जोडले. सालभरात जन्मलेली सगळी लेकरं एकेक करून देवीच्या मांडीवर येतेत, तशी आली. ऊन ऊन, घामेजलेली. मला लेकरू न्हाई कल्या. मी डहाळी दातात गच्च धरली, न्हाई तर आवाज फुटला असता.

मंग पाय धुवायला माय आली. पाणी घातलं, हळद वाहून गेली, अन् तिचा हात त्या बोटापाशी थांबला. तिनं वर पाहिलं न्हाई. सगळं कुंकू त्याच बोटावर ओतलं अन् कपाळ टेकवलं. ती उठली तव्हा तिच्या पदराला कुंकू अन् डोळ्याला पाणी. लोक म्हणले, उषाबाईला लेक भेटला.

सगळ्यात शेवटी वसंता. त्याला यावंच लागतं, भाऊबंद हाय. दैवशालाबाईनं नंतर सांगितलं, येताना तो दात खात होता. त्याचं लहानगं बी माह्या मांडीवर ठेवलं त्यानं. मंग वाकला, कपाळ पायाला लावलं, अन् हळू आवाजात म्हणला, "कल्या, लुगडं उतरू दे. आज जिता जात न्हाई तू."  अन् मंग त्याचं डोकं तिथंच थांबलं. कुंकू ओलं होऊन सरकलं होतं, खालचा जोडव्याचा वळ दिसत होता. तो बोटाकडं पाहत होता. उठला, सोताचं लेकरू उचललं अन् बाजूला झाला.

सोंग घरात परत आलं. आबानं लुगडं उतरवलं, मी तोंड धुतलं, जोडवी घातली, चुलीपुढं जाऊन बसले. तोवर दारात पन्नासेक माणूस. "कल्याणला बाहेर काढा!" आबा उंबऱ्यावर बसले, मोडका पाय आडवा टाकून. म्हणले, "शोधा घर."

पोरं घुसली. धान्याच्या कोठीत पाहिलं, माळ्यावर, गोठ्यात, पेटीत सुदिक. कुणी असंल तर सापडंल ना! एकजण म्हणला, "मंग देवी कोण होतं?"

आबा म्हणले, "लेकरं मांडीवर टाकली तव्हा इचारलं का तुम्ही? पाय धुतले तव्हा इचारलं? देवी होती. आता कोण होतं ते ज्याला ठाऊक असंल त्यानं पारावर जाऊन सांगावं."

वसंता स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. माह्या पायाकडं पाहत होता. मी पाय आखडले न्हाईत. उलट पुढं केले. म्हणलं, "काय पाहता वसंताभाऊ? चहा टाकू?"

तोंड उघडलं त्यानं. मी वाट पाहिली. माय लाटणं हातात धरून उभी होती. पण बोलणार काय तो? बाई होती म्हणला, तर सालभराच्या लेकरांचा देवीचा आशीर्वाद गेला, त्याच्या लेकराचा बी गेला. अन् मिशी काढून बाईच्या पायावर डोकं ठेवलेला पहिला बाप्या म्हणून त्याचंच नाव राह्यलं असतं. मिटलं तोंड. "चला रे," म्हणला. गेले.

पण तो इसरणार न्हाई. फाट्यावरची चेन बी कुठं गेली न्हाई. पुढच्या साली काय, ते कुणालाच ठाऊक न्हाई. म्हणून हे सुखाचं पत्र हाय असं समजू नको.

दिवस मावळताना आबा आडवे पडले होते, मी पायाला तेल चोळत होते. डोळे मिटूनच म्हणले, "त्या पिच्चरमधी चालतो कसा तो?"

मी म्हणलं, सांगता येत न्हाई, चालून दाखवावं लागंल. ते काही बोलले न्हाईत, म्हणजे दाखव. मी चुलीपासून दारापर्यंत तुह्यावाणी चालले, हात तसाच कमरेवर, मान तशीच. आबानं उशीवरून मान वर करून पाहिलं. पुन्हा चाल म्हणले. पुन्हा चालले. माय दारात येऊन उभी राह्यली.

तुला घरी ये म्हणले का, ते इचारशील. न्हाई म्हणले. ते मी खोटं लिहिणार न्हाई.

येवढंच म्हणले, "टाच आधी टेकवतो अजून. देवी टाच आधी टेकवत न्हाई, किती बार सांगितलं त्याला. कळव."

कळवलं.

आक्का